बारकोडमागे होती एक नर्स
कुणीतरी लिहिलंय की माजी सैनिकांच्या हॉस्पिटलातलं संशोधन डॉक्टरांचं, नर्स नुसत्या नोंदी ठेवतात. नाही पटलं. अमेरिकेत टोपीका, कॅन्सस इथल्या व्हेटरन्स (म्हणजे माजी सैनिकांच्या) हॉस्पिटलातल्या नर्स सू किनिक यांनी १९९२ मध्ये भाड्याच्या गाडीचा बारकोड हातातल्या यंत्राने टिपला जाताना पाहिला. गाडीला जमतं तर औषधाला का नाही? आधी रुग्णाच्या मनगटावरची पट्टी स्कॅन करायची, मग गोळीचं पाकीट. माणूस, औषध, डोस किंवा वेळ चुकली की स्क्रीन तिथेच टोकते. पुढे ही पद्धत देशभरातल्या व्हेटरन्स हॉस्पिटलांत गेली. (किनिकबाईंना ते बघायला मिळालं नाही, १९९४ च्या विमान अपघातात त्या गेल्या.) अर्थात, घाईत स्कॅन टाळायच्या पळवाटा काढणाऱ्या नर्सही निघाल्याच, आणि त्यावरही रीतसर अभ्यास झाले.