प्रतिसाद: हिरवं छप्पर आणि थंडी

हिरव्या छपरातला (म्हणजे माती घालून वर झाडं लावलेल्या छपरातला) मातीचा थर हिवाळ्यातही उन्हाळ्याइतकाच उपयोगी, असं मूळ पोस्टमध्ये म्हटलंय, ते पटत नाही. ओटावात कॅनडाच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेने साधं आणि हिरवं छप्पर शेजारी-शेजारी ठेवून 2000 ते 2002 मोजमापं घेतली. बाहेरून आत येणारी उष्णता सुमारे 95 टक्क्यांनी घटली, आतून बाहेर जाणारी मात्र जेमतेम 26 टक्क्यांनी. उन्हाळ्यात सावली आणि बाष्पीभवन काम करतं. थंडीत उरतो फक्त मातीचा उष्णतेला होणारा रोध, आणि तोही माती गोठली की घसरतो, कारण पाण्यापेक्षा बर्फातून उष्णता जवळपास चौपट सहज वाहते.

भुसभुशीत बर्फ साचला की दोन्ही छपरं जवळपास सारखीच वागली, कारण त्यात हवा अडकलेली असते आणि ती दोन्हीकडे उष्णता अडवते. म्हणून थंड प्रदेशात मातीखालचं इन्सुलेशन (उष्णता अडवणारा थर) कमी करू नका, कृपया.