शो हाशी राजाची कबर शुरीत का नाही?

पळणारा_पाय

नमस्कार मंडळी, मी नोकरीसाठी योकोहामाला असतो आणि मागे नोव्हेंबरात ओकिनावाच्या नान्जो गावी हाफ मॅरेथॉन पळायला गेलो होतो. त्या शर्यतीचं नावच शो हाशी हाफ मॅरेथॉन. शो हाशी म्हणजे १५व्या शतकातला राजा, ज्याने अख्खं ओकिनावा बेट एका राज्याखाली आणलं, एवढंच मला टीशर्टवरून कळलं होतं. दुसऱ्या दिवशी शुरीला, म्हणजे त्या राज्याच्या जुन्या राजधानीला गेलो, २०१९ ला जळलेल्या राजवाड्याच्या मुख्य इमारतीचं काम चालू होतं ते बघितलं, मग तिथून चालत तामाउदुनला गेलो, ती राजघराण्याची दफनवास्तू. म्हटलं ज्याच्या नावाने २१ किलोमीटर पळालो त्याला नमस्कार तरी करून यावा. तर तो तिथे नाहीच! बाकी इतके 'शो' आहेत आणि ज्याने राज्य उभं केलं तोच नाही. चौकशी केली तर कळलं की त्याची कबर योमितानला आहे, म्हणजे पार उत्तरेला तासाभराच्या वाटेवर. असं का? कुणाला माहीत असेल तर सविस्तर सांगा प्लीज, दोन दिवस डोक्यातून जात नाहीये.

जुनी_नाणी

थोडक्यात उत्तर असं की तामाउदुनमधले शो वेगळे आणि तुमचा शो हाशी वेगळा, आडनाव एकच पण घराणी दोन. हाशीचं ते पहिलं शो घराणं, त्यात सात राजे झाले आणि १४६९ ला ते संपलं. मग कानामारू नावाचा दरबारातलाच बडा अधिकारी गादीवर बसला आणि त्याने शो एन हे नाव घेतलं, ते दुसरं घराणं. तामाउदुन त्याच्या मुलाने, शो शिनने, १५०१ ला बापासाठी बांधलं. तिथे हाशीला जागा कशी मिळणार? त्याला आधी शुरीतच पुरलं होतं, पण सत्तापालट झाला तेव्हा नव्या लोकांच्या हातात हाडं पडू नयेत म्हणून निष्ठावान माणसांनी ती गुपचूप उचलून योमितानच्या रानात नेऊन लपवली.

ताम्हन

छान धागा! जुनी_नाणी यांनी शेवट सांगितला, मी सुरुवात सांगते, कारण मला हा राजा फार आवडतो.

हाशीचा जन्म १३७२ चा, साशिकीचा, म्हणजे तुम्ही पळालात त्याच नान्जो परिसरातला. तेव्हा बेटावर उत्तरेला होकुझान, मध्ये चुझान आणि दक्षिणेला नानझान अशी तीन राज्यं होती आणि गावोगावी अजी नावाचे छोटे सरदार (उच्चार आपल्या आजीसारखाच). हाशीचे वडील शिशो हे साशिकीचे अजी. घराणं काही मोठं नव्हे, आजोबा इहेया नावाच्या लहान बेटावरून आलेले. हाशी अंगाने बुटका होता म्हणतात, लोक त्याला साशिकीचा छोटा अजी म्हणायचे.

तिथल्या बखरीत त्याची एक गोष्ट आहे. त्याने लोहाराकडून एक तलवार घडवून घेतली, लोहाराला ती करायला तीन वर्षं लागली. योनाबारूच्या बंदरात परदेशी जहाज आलं, व्यापाऱ्याला तलवार इतकी आवडली की तिच्या बदल्यात तो जहाजातलं लोखंड द्यायला तयार झाला. आता ओकिनावात लोखंड निघत नाही, सगळं बाहेरून यायचं. हाशीने तलवार देऊन टाकली आणि ते लोखंड शेतकऱ्यांना वाटलं, अवजारं करायला. लाकडी अवजाराने जमीन उकरणाऱ्या माणसाच्या हातात लोखंडी पातं आलं की काय होत असेल विचार करा, पीक वाढलं आणि माणसं त्याच्या मागे उभी राहिली.

नानझानची गोष्ट त्याहून भारी. तिथला शेवटचा राजा तारुमी, त्याला हाशीकडचा सोन्याचा पडदा हवा होता, आपल्याकडे घरात आडोशाला घडीचा पडदा ठेवतात ना तसा पण सोन्याने मढवलेला. हाशी म्हणाला देतो, पण तुझा काडेशीगा झरा मला दे. त्याने दिला! त्याच झऱ्यावर खालची सगळी शेती होती. हाशीने सांगितलं की माझ्या बाजूने येईल त्यालाच पाणी, आणि नानझानची माणसं आपल्याच राजावर उलटली. १४२९ ला नानझान संपलं. झरा आजही इतोमानमध्ये वाहतो आहे, पाणी स्वच्छ, काठाला दगडी बांधकाम, पोरं उन्हाळ्यात डुंबतात. हे मला सगळ्यात खरं वाटतं, गोष्ट दंतकथा असली तरी झरा समोर आहे.

गडवाटा

ताम्हन ताई, सुंदर लिहिलंय. एक लक्षात ठेवायला हवं की या बखरी हाशीनंतर दोनशेहून जास्त वर्षांनी लिहिल्या गेल्या, पहिली चुझान सेइकान ही १६५० ची. त्यामुळे तलवार, पडदा हे लोकांच्या आठवणीतून आलेलं धरायचं. होकुझान कधी पडलं याच्याही दोन तारखा मिळतात, १४१६ आणि १४२२.

त्या होकुझानची जागा म्हणजे नाकिजिनचा किल्ला, डोंगरावर वळणावळणाची चुनखडीची तटबंदी, किल्ल्यांची आवड असणाऱ्याने चुकवू नये असा. तिथला राजा हान'आन्ची हरतोय दिसल्यावर चिडला, म्हणाला देवाने रक्षण केलं नाही, आणि किल्ल्यातल्या पवित्र दगडावरच तलवार चालवली, मग ती नदीत फेकून दिली अशी कथा आहे. ती म्हणून मानली जाणारी तलवार, चियोगानेमारू, नाहा शहराच्या इतिहास संग्रहालयाकडे आहे, राष्ट्रीय ठेवा आहे तो. मूठ एका हातात मावेल एवढी आखूड आणि सोन्याची सजावट, जपानी तलवारींच्या दोन हाती मुठीपेक्षा एकदम वेगळी दिसते.

जुनी_नाणी

गडवाटा, बरोबर. बखरी बाजूला ठेवल्या तरी चीनच्या मिंग दरबाराच्या नोंदी त्याच काळातल्या आहेत, आणि मूळ प्रश्नाचं खरं उत्तर मला तिथेच दिसतं.

१४०६ ला हाशीने चुझानचा राजा बुनेइ याला हुसकावलं आणि गादीवर आपल्या वडिलांना बसवलं. पण चीनशी व्यापार करायचा तर मिंग बादशहाची मान्यता हवी, आणि मान्यता मिळणार राजाच्या वारसाला, बंडखोराला नाही. मग १४०७ ला चीनला कळवलं गेलं की आमचे वडील बुनेइ वारले, आता मी त्यांचा मुलगा शिशो. म्हणजे ज्याला उलथवला त्यालाच बाप केलं! आणि मान्यता मिळाली. त्या मान्यतेवर केवढं काही उभं होतं बघा. ओकिनावाहून चीनला गंधक आणि घोडे जायचे, तिकडून चिनी मातीची भांडी यायची, ती घेऊन र्युक्यूची (म्हणजे याच ओकिनावाच्या राज्याची) जहाजं सियाम, पालेम्बांग, पुढे मलाक्कापर्यंत जायची आणि मिरी, पतंगाचं लाकूड घेऊन परत यायची. वडील १४२१ ला गेले, १४२२ ला हाशी स्वतः राजा झाला आणि १४३९ पर्यंत राहिला, तेवढ्यात शुरी आणि नाहा बंदर यांचा जो जम बसला तो नंतर शेकडो वर्षं टिकला. शुरीच्या किल्ल्याखालचं र्युतान तळं १४२७ चं, त्याच्याच काळातलं, त्याचा चिनी सल्लागार काइकी याच्या देखरेखीखालचं.

आता पुढे बघा. १४६९ ला या घराण्याचा सातवा राजा शो तोकु वारला. वारस ठरवायला सगळे जमले तेव्हा गर्दीतून एक म्हातारा ओरडला की जो देतो तोच आमचा धनी, आणि लोकांनी कानामारूला राजा केलं अशी परंपरा सांगते. हे वाचलं की मला ताम्हन यांनी सांगितलेलं लोखंड आठवतं, हाशीचं घराणं वर आलं ते देऊनच ना. आणि मग १४७१ ला चीनला काय कळवलं? आमचे वडील शो तोकु वारले, मी त्यांचा मुलगा शो एन. हा 'मुलगा' बापापेक्षा सव्वीस वर्षांनी मोठा होता! हाशीच्या लोकांनी बुनेइचं जे केलं तेच हाशीच्या घराण्याचं झालं, त्याच कागदी वाटेने. म्हणून आडनाव शो राहिलं, राज्य राहिलं, जहाजं चालू राहिली आणि हाशीची हाडं मात्र रानात गेली.

नाहाकर

मी तीन वर्षं नाहात होतो, कबरीवर दोनदा गेलोय. योमितानला किना गावाजवळ हायवे ५८ लागूनच झाडी आहे, आत पायवाट. मोठं काही बांधकाम नाही. खडकाच्या कडेला दगड रचून बंद केलेलं तोंड, पुढे थोडी मोकळी जागा, उदबत्ती आणि नाण्यांसाठी एक दगड. हाशीबरोबर मुलगा शो चू आणि नातू शो शितात्सु पण तिथेच आहेत, तीन पिढ्या एका ठिकाणी. मी गेलो तेव्हा कुणीतरी ताजी पानं आणि आवामोरीची (तिथली तांदळाची दारू) छोटी बाटली ठेवली होती. रस्त्यावरच्या गाड्यांचा आवाज येत राहतो पण आत गेल्यावर सावली इतकी दाट की दुपारी पण गार वाटतं. जाणार असाल तर बूट आणि फुल पॅन्ट घाला, तिथे हाबू नावाचे विषारी साप असतात, आणि पाऊस पडून गेला असेल तर दगड निसरडे होतात.

पळणारा_पाय

सगळ्यांचे मनापासून आभार. मुलगा बापापेक्षा मोठा हे वाचून बायकोला उठवून सांगितलं. यंदा पण नाव नोंदवतोय, शर्यतीच्या आदल्या दिवशी इतोमानला काडेशीगा आणि नंतरच्या दिवशी योमितान असं ठरवलंय. नाहाकर, आवामोरी ठेवायची तर बाटली उघडून ठेवायची की बंदच?

नाहाकर

थोडी दगडावर ओता आणि बाटली परत घेऊन या, रानात काच राहायला नको. खाली बसून हात जोडा, तिथली म्हातारी माणसं तसंच करतात.