कराडहून गुहागर, एका दिवसात

कराडहून एका दिवसात कोकणातलं गुहागर म्हणजे नुसती दगदग, त्यात आडवेळी जेवणही मिळत नाही, असं काहीजण म्हणतात. दगदग आहेच. कुंभार्ली घाट उतरून चिपळूणमार्गे जाऊन यायचं म्हणजे अर्धाअधिक दिवस गाडीतच जातो. जेवणाचं मात्र पटलं नाही. घरगुती खाणावळीला आदल्या दिवशी फोन करून किती माणसं येणार ते सांगा. आयत्या वेळी दारात उभं राहिलं तर त्या बाईंनी तरी मासळी कुठून आणायची? आमची माणसं ऐनवेळी वाढली, तेव्हा खाणावळीच्या काकूंनी गडग्यापलीकडे, म्हणजे दगडी कुंपणापलीकडे, हाक मारली. शेजारून गरम भाकऱ्या आल्या, सोलकढीचा नारळ आणखी तिसऱ्याच वाडीतला. निघताना दिलेल्या पैशातले भाकरीचे त्यांनी आमच्यादेखतच शेजारणीच्या हातावर ठेवले. आपला पैसा असा आळीत फिरतो, म्हणून घरून डबे बांधून नेऊ नका असं मी सगळ्यांना सांगते.

येताना चिपळूणच्या बाजारातही थांबा, हे कुणी सांगत नाही. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठी नदीचं पाणी शिरून तिथली दुकानं मालासकट बुडाली. त्याच दिवसांत आपल्या पाटण तालुक्यात आंबेघर, मिरगावला दरडी कोसळल्या होत्या. आपल्या कोयना धरणाचं वीज करून सोडलेलं पाणीही वाशिष्ठीलाच मिळतं, तेव्हा घाटाखालचे लोक आपल्याला परके नाहीत. आमसुलं, आगळ (कोकमाचा घट्ट रस), फणसपोळी तिथल्या लहान दुकानांतूनच घ्या. घाट उजेडी चढायचा असेल तर गुहागर दुपारी तीनलाच सोडा.