‘डिसिजन फटीग’: थकवा, क्लांती की शीण?

विचारणा (वागळे इस्टेट, ठाणे)

आमच्या भागातील लघुउद्योजकांसाठी एक मराठी पुस्तिका तयार करण्याचे काम माझ्याकडे आले असून तिच्यातील एक प्रकरण ‘डिसिजन फटीग’, म्हणजे दिवसभर निर्णय घेऊन घेऊन माणसाची जी गत होते, या विषयावर आहे. ‘निर्णयथकवा’ आणि ‘निर्णयक्लांती’ हे दोन्ही शब्द माझ्या वाचनात आले, पण दोन्ही जिभेवर बसत नाहीत. मी रोज पाहतो ते असे: सकाळी दहा वाजता पत्र्याच्या दरातील रुपया-दीड रुपयासाठी पुरवठादाराशी अर्धा तास चिकाटीने बोलणारे आमचे मालक, संध्याकाळी सहा वाजता खरेदी विभागातील मुलगा खोक्यांचे दोन नमुने घेऊन समोर उभा राहिला, तर नमुन्यांकडे न पाहताच ‘कोणताही घे’ म्हणतात किंवा ‘उद्या बघू’ म्हणून मोकळे होतात. या अवस्थेला कोणता शब्द योग्य ठरेल?

प्रतिसाद (नेरूळ)

‘क्लांती’ कवितेत शोभते. कारखान्याच्या पुस्तिकेत तिला पाहून वाचक पान उलटेल. ‘थकवा’ चुकीचा नाही, परंतु तो बहुधा अंगमेहनतीचा किंवा आजारपणाचा असतो. आपण ‘पाय थकले’ म्हणतो, पण ‘डोळे शिणले’, ‘डोके शिणले’ म्हणतो, आणि प्रवासाचा असतो तोही शीणच. एका मोठ्या ओझ्याने नव्हे, तर बारीकसारीक गोष्टींच्या रेट्याने जो साचत जातो त्याला ‘शीण’ हा शब्द नेमका लागू पडतो. आपण कारखान्यात आहात म्हणून सांगतो, धातूच्या ‘फटीग’मध्येही हेच घडते: भाग ज्या भाराने एका झटक्यात कधीच तुटला नसता, त्याहून कितीतरी कमी भार हजारो वेळा पडला की त्याला तडा जातो.

शिवाय हा शब्द समासात कोंबण्याची गरज नाही. ‘प्रवासाचा शीण’ जसा, तसा ‘निर्णयांचा शीण’. येथे अनेकवचन महत्त्वाचे आहे, कारण माणूस एका निर्णयाच्या वजनाने नव्हे, निर्णयांच्या संख्येने शिणतो.

प्रतिसाद (ऐरोली)

मी ‘निर्णयशक्तिक्षय’ सुचवतो. इस्रायलमधील न्यायाधीशांनी कैद्यांच्या पॅरोलवर दिलेल्या एक हजारांहून अधिक निकालांचा जो अभ्यास २०११ साली प्रसिद्ध झाला, त्यात सत्राच्या आरंभी सुमारे ६५ टक्के असलेले अनुकूल निकालांचे प्रमाण सत्र संपता संपता जवळजवळ शून्यावर येई आणि खाण्याच्या सुटीनंतर पुन्हा वर जाई. शक्ती खर्च होते, हे त्यातून स्पष्ट दिसते.

प्रतिसाद (नेरूळ)

तितके स्पष्ट दिसत नाही. त्याच अभ्यासावर असा आक्षेप घेतला गेला की प्रकरणांचा क्रम यादृच्छिक नव्हता आणि वकील नसलेल्या कैद्यांची प्रकरणे, ज्यांत अनुकूल निकाल तसाही कमी मिळतो, सत्राच्या अखेरीस येत. इच्छाशक्ती वापरून संपते ही कल्पना मानसशास्त्रज्ञ रॉय बाउमायस्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ साली मांडली. पण २०१६ मध्ये २३ प्रयोगशाळांनी मिळून, दोन हजारांहून अधिक सहभागींवर तो परिणाम पुन्हा तपासला, तेव्हा तो जवळजवळ आढळलाच नाही. म्हणून ‘क्षय’ म्हटले की वादातील एका बाजूचा निकाल आपण शब्दातच लावून टाकतो. ‘शीण’ म्हणजे माणसाला काय जाणवते एवढेच. ते का जाणवते याचा दावा त्यात नाही.

प्रतिसाद (ऐरोली)

‘क्षेत्र’चे ‘शेत’ झाले तसे ‘क्षीण’चेच ‘शीण’ झाले, म्हणजे क्षय मागल्या दाराने आत आलाच की!

प्रतिसाद (नेरूळ)

मान्य. पण ‘फार शीण आला’ म्हणणाऱ्याला त्यात ‘क्षीण’ ऐकू येत नाही, आणि शब्दाचा अर्थ त्याच्या खापरपणजोबाला विचारून ठरत नसतो.

प्रतिसाद (जांभळी नाका, ठाणे)

शीण टाळण्याच्या उपायांनाही मराठी शब्द आहेत, ते पुस्तिकेत यावेत. तीच बाब दररोज ठरवावी लागत असेल तर तिचा ‘शिरस्ता’ करावा, म्हणजे खोके कोणते हा प्रश्न वर्षातून एकदाच येईल. ठराविक रकमेपर्यंतच्या खरेदीची ‘मुखत्यारी’ खरेदी विभागाला द्यावी. ‘अधिकारांचे प्रत्यायोजन’ वाचून कोणीही अधिकार सोडणार नाही.

ॲमेझॉनचे जेफ बेझोस यांनी भागधारकांना लिहिलेल्या २०१५ सालच्या पत्रात एकाच बाजूने उघडणाऱ्या आणि दोन्ही बाजूंनी उघडणाऱ्या दारांची उपमा वापरून, मागे घेता येणारे निर्णय चांगली पारख असलेल्या व्यक्तींनी किंवा लहान गटांनी झटपट घ्यावेत असे म्हटले आहे. आमच्या कापडाच्या धंद्यात परत करण्याच्या बोलीवर नेलेल्या मालाला ‘जांगड’ म्हणतात. साडी जांगड नेणाऱ्या गिऱ्हाइकाबरोबर आमचे वडील कधी घासाघीस करत बसले नाहीत. ते वहीत एक ओळ लिहीत आणि पुढच्या माणसाकडे वळत. मागे घेता येणाऱ्या निर्णयाला ‘जांगड निर्णय’ म्हटले, तर निदान व्यापाऱ्यांना दुसऱ्या स्पष्टीकरणाची गरज पडणार नाही.

विचारणा करणारा (वागळे इस्टेट)

सर्वांचे आभार. ‘शीण’, ‘शिरस्ता’ आणि ‘जांगड’ हे तिन्ही शब्द घेत आहे. ‘मुखत्यारी’ म्हटले की आमच्या मालकांना वकील आणि मुद्रांक आठवतात, म्हणून तेथे ‘सही कोणाची चालेल’ असे साधे उपशीर्षक देतो. प्रकरणाचे शीर्षक मी ‘निर्णयांचा शीण कसा कमी करावा’ असे योजले होते, पण शीण उतरतो किंवा जातो, तो ‘कमी करणे’ कानाला खटकते. ‘निर्णयांचा शीण कसा टाळावा’ असे केले तर चालेल का?