१९२९ची तपकिरी शिक्क्याची १० डॉलरची नोट: किंमत कुठे कळेल?

पिट्सबर्गकर: मंडळी, इथे एका घरच्या जुन्या सामानाच्या विक्रीत पुस्तकांचं खोकं घेतलं, त्यात ही नोट निघाली. हॅमिल्टनचं चित्र, तपकिरी शिक्का, १९२९ची मालिका, डावीकडे इथल्याच एका छोट्या गावच्या बँकेचं नाव. कुणाला दाखवू? खर्च ४० डॉलरच्या आत हवा.

डॅलसची_सुमा: सरळ पीएमजीकडे, म्हणजे नोटा तपासून दर्जा देणाऱ्या कंपनीकडे, पाठवा. माझ्या १९०२च्या नोटेला त्यांचा दर्जा मिळाला आणि दुप्पट भाव आला. २००-३०० खर्च झाले तरी वसूल होतात.

जुनाखजिना: तपकिरी शिक्का फेडरल रिझर्व्ह (अमेरिकेची मध्यवर्ती बँकव्यवस्था) बँकांच्या १९२९च्या नोटांवरही असतो. त्या वेगळ्या.

ओहायोवाला: अहो, गावच्या बँकेचं नाव आहे म्हणतायत ना! म्हणजे नॅशनल बँक नोट, तेव्हा गावोगावच्या बँका सरकारी परवान्यावर (चार्टर) काढायच्या त्यातली. त्या परवान्याचा, म्हणजे चार्टर नंबर बघा. दोन्ही कडांना काळ्या, उभ्या आकड्यांत असतो. तोच नंबर अनुक्रमांकाशेजारी तपकिरी शाईत पुन्हा असेल तर टाइप २, १९३३पासूनची. नसेल तर टाइप १. टाइप २ बहुतेक बँकांच्या कमी निघाल्या.

फोर्टकर: माझ्याकडे पंचम जॉर्जची १९१७ची एक रुपयाची नोट आहे, कोरी करकरीत. तिच्यापुढे या काहीच नाहीत.

जुनाखजिना: इथे अमेरिकन नोटांचं चाललंय, फोर्टकर.

सांगलीची_मावशी: कुणाला देऊ नका बाबा. माझ्या भाच्याला एका विक्रेत्याने धुऊन, इस्त्री करून "कोरी" म्हणून नोट विकली. कागदाचा जीवच गेला होता. तुमच्या नोटेवर डाग असले तरी राहू द्या.

ओहायोवाला: मावशींचं अगदी खरं. आणि किंमत गावावर ठरते, वर्षावर नाही. १८६३ ते १९३५ या काळात १४,०००हून जास्त चार्टर दिले गेले. न्यूयॉर्क, शिकागोच्या मोठ्या बँकांच्या नोटा भरपूर उरल्यात. लहान गावच्या एखाद्या बँकेच्या मोजक्याच. नॅशनल करन्सी फाउंडेशनची नोंदयादी ऑनलाइन आहे, तिच्यात त्या बँकेच्या किती नोटा नोंदल्यात ते बघा. मग हेरिटेज या लिलाव कंपनीच्या लिलावांचे जुने भाव पाहा. ईबेवर मागितलेल्या किमती धरू नका. एवढं ४० डॉलर न घालवता होतं.

डॅलसची_सुमा: तरी पीएमजीच.

बे_एरिया_बाळ: बँकेत दिली तर आजही १० डॉलर मिळतील, चलनातून रद्द झालेली नाही.

पिट्सबर्गकर: चार्टर नंबर फक्त कडांना आहे, म्हणजे टाइप १. यादीत या बँकेच्या पुष्कळ नोटा आहेत. त्यामुळे विकत नाही, पीएमजीलाही पाठवत नाही. ४० डॉलरची फ्रेम आणली, दिवाणखान्यात लावतोय. ते गाव इथून अर्ध्या तासावर आहे.

ओहायोवाला: निदान पीव्हीसी नसलेल्या मायलारच्या (पारदर्शक प्लास्टिकच्या) पाकिटात घालून लावा, आणि खिडकीसमोर नको. तपकिरी शाई उडते.

फोर्टकर: १९१७च्या नोटेचा फोटो टाकू का?