सूत्रातला आकडा आणि नावातला आकडा

लोहाचे दोन आणि ऑक्सिजनचे तीन अणू असलेल्या संयुगाला आयर्न टू ऑक्साइड का म्हणत नाहीत, हा प्रश्न अगदी रास्त आहे. नावातला आकडा अणू मोजत नाही, धातूच्या आयनावरचा, म्हणजे प्रभारित अणूवरचा, प्रभार सांगतो. हिशेब ऋण आयनाकडून सुरू करा. प्रत्येक ऑक्साइडवर, म्हणजे ऑक्सिजनच्या आयनावर, उणे २, तिघांचे मिळून उणे ६. तो प्रभार दोन लोह आयनांनी फेडायचा, म्हणजे प्रत्येकी अधिक ३. म्हणून आयर्न थ्री ऑक्साइड, जुन्या नावाने फेरिक ऑक्साइड. सोडियम, कॅल्शियमचा प्रभार ठरलेलाच असतो, तिथे आकडा लागत नाही.

आणि सल्फाइड, सल्फाइट, सल्फेट ही गंधकाच्या ऋण आयनांची नावं मात्र पाठच करा: पहिल्यात ऑक्सिजन नाही, दुसऱ्यात तीन अणू, तिसऱ्यात चार. परीक्षेत इथे गुण जातात.