मदत हवी आहे: बारीक झुरळं आणि लेकीचा बालदमा

डोंबिवलीत दुसऱ्या मजल्यावर आमचं वन बीएचके आहे. इमारत जुनी, सगळ्यांच्या मोऱ्या एकाच डक्टला. लेक सहा वर्षांची, तिला बालदमा आहे. पंप आणि स्पेसर कायम हाताशी असतात.

पावसाळ्यापासून स्वयंपाकघरात बारीक झुरळं झालीत. मोरीतली मोठी तांबडी नव्हेत, त्यांना चप्पल पुरते. ही फिकट तपकिरी, डोक्यामागे दोन काळ्या रेघा, आणि आता तर भरदिवसा ओट्यावर फिरतात.

गेल्या महिन्यात फवारणी करून घेतली. चार तास बाहेर राहा म्हणाले, राहिलो. परतलो तरी वास होताच. रात्री दोनला लेकीला खोकल्याची ढास लागली, छातीत सूं सूं सुरू झालं, शेवटी नेब्युलायझरसाठी दवाखाना गाठला. आणि एवढं करून तीन आठवड्यांत ट्रॉलीच्या बिजागरीतून तिळाएवढी पिल्लं बाहेर!

डॉक्टर म्हणतात, फवाऱ्याने दमा उसळतो, पण झुरळांची विष्ठा आणि टाकलेली कात यांनीही उसळतो. म्हणजे मारायचं तरी कसं आणि ठेवायचं तरी कसं? सासूबाईंचा आग्रह आहे की दर शनिवारी स्प्रे मारायचाच.

काल मिक्सर उलटा करून खालचे स्क्रू काढले. आत चहाच्या भुकटीसारखी काळी घाण. त्याच मिक्सरमध्ये रोज चटणी वाटतेय मी. किळस आली.

झुरळं मारायचं जेल लावलेलं कुणाला लागू पडलंय का? लेकीचा हात लागला तर?

प्रतिसाद
वर्णनावरून ही जर्मन झुरळं. मादी अंड्यांची डबी पिल्लं बाहेर पडायच्या बेताला येईपर्यंत पोटाशी धरून हिंडते. एका डबीत ३०-४० अंडी. फवारा बहुधा डबीच्या आत पोचत नाही, म्हणून तुम्हाला मागाहून पिल्लं दिसली. शिवाय नेहमीच्या फवाऱ्यांना ही जात बरीच सरावलीय.

जेलच लावा. मोहरीएवढे ठिपके: बिजागऱ्यांत, फ्रिजच्या मोटरपाशी, सिंकखाली, लेकीचा हात पोचणार नाही अशाच फटींत. खाऊन झुरळ बिळात जाऊन मरतं, बाकीची त्याचं मढं आणि विष्ठा खाऊन मरतात. पण जेलच्या आसपास स्प्रे मारलात की ती जेलकडे फिरकतच नाहीत. सासूबाईंना हे आधी सांगा.

झुरळं मेली तरी ॲलर्जीचा कचरा उरतोच. ट्रॉल्या काढून साबणाच्या पाण्याने पुसा, कोरडा झाडू नको, धूळ उडते. लेकीला तेवढा वेळ शेजारी पाठवा. रात्री सिंक कोरडं ठेवा. बोरिक पावडर लहान मूल असलेल्या घरात उघडी टाकू नका.

धागालेखिका
धन्यवाद! जेल मागवलंय. काल रात्री सिंकखाली चिकट सापळा ठेवला होता, सकाळी मोजली तर २३. सासूबाईंनी स्वतः मोजली, स्प्रेचा डबा सध्या माळ्यावर गेलाय. आता डक्टचं काय करू? खालचे लोक म्हणतात, आमच्याकडे झुरळंच नाहीत.